पुन्हा कधी मागावं?

गेल्या अंकात देणगीच्या पावत्यांबद्दल लिहिलं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा प्रश्न पावतीचा नव्हताच. एकदा दिलं की संस्था पुन्हापुन्हा मागतात, त्याचं काय करायचं, हा होता. दुसरीकडून संस्था चालवणारेही विचारत होते, की आम्ही मागायचं तरी किती वेळा. सोलापूरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं देणगीचं काम मी वर्षानुवर्षं सांभाळलं आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तीन पत्रं निवडली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६८, मिरजेला राहते. पुण्याला लेकीकडे गेले असताना मॉलच्या दारात उभ्या असलेल्या एका मुलानं मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेची माहिती दिली. पोरगं उन्हात उभं होतं, आर्जवानं बोलत होतं. मी एक हजार रुपये दिले. तेव्हापासून दर महिन्याला फोन येतो. "मॅडम, या महिन्यात एक मुलगी शाळा सोडतेय, तुम्ही मदत केलीत तर ती थांबेल." मार्चमध्ये तर दर आठवड्याला. नाही म्हटलं की दिवसभर मन लागत नाही. आता मी अनोळखी नंबर उचलतच नाही, आणि त्यापायी बँकेचा एक खरा फोन राहून गेला. गावातल्या वाचनालयाला आणि एका वृद्धाश्रमाला मी दरवर्षी देते, त्यांचा कधी तगादा नसतो. संस्थांनी किती वेळा मागावं याला काही धरबंध आहे का? आणि मी नाही म्हणते यात माझं काही चुकतंय का?

उत्तर : बाई, तुमचं काहीही चुकत नाही. तुम्ही हजार रुपये दिलेत, दर महिन्याला देण्याचा शब्द दिला नव्हता. देणगी दिली म्हणून कुणी कर्जदार होत नाही आणि त्याचा हप्ता थकत नाही.

हा फोन कुठून येतो ते कळलं, की मनावरचं ओझं थोडं हलकं होईल. मोठ्या शहरी संस्था हे काम बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीला देतात. मॉलच्या दारातला मुलगा त्या कंपनीचा, फोन करणारी मुलगी त्याच किंवा दुसऱ्या कंपनीची. तिच्यासमोर पडद्यावर तुमचं नाव, नंबर, रक्कम आणि तारीख असते, आणि त्या दिवशी किती होकार आणायचे याचा आकडा तिला ठरवून दिलेला असतो. तीही पोटासाठीच तिथे बसली आहे, तिच्यावर चिडू नका. पण तिला समजावत बसूनही उपयोग नाही, कारण यादीतून नाव काढणं बहुधा तिच्या हातात नसतं. आपण भिडेपोटी म्हणतो, "आत्ता जमणार नाही हो." तिकडे नोंद होते, "पुढच्या महिन्यात विचारावं." तेव्हा मोघम बोलू नका. "मला फोनवर मागितलेलं चालत नाही, नाव काढा," एवढंच म्हणा आणि फोन ठेवा.

मला राग येतो तो त्या "या महिन्यात एक मुलगी शाळा सोडतेय" या वाक्याचा. जबाबदारीनं चालणाऱ्या संस्थेत एका मुलीची शाळा मिरजेच्या एका बाईंच्या होकारावर टांगलेली नसते. जूनमध्ये मूल पदरात घेतलं की त्याचं वर्षभराचं जेवण, फी, वह्या, गणवेश धरूनच अंदाजपत्रक करतात. पैसे कमी पडले तर संस्था उसनवारी करते, भिंतींचा रंग पुढच्या वर्षावर ढकलते, कार्यकर्ते मानधन उशिरा घेतात. मुलीला ऑक्टोबरात घरी पाठवत नाहीत. आणि जी संस्था पाठवते, तिनं मूल घ्यायलाच नको होतं. आयुष्यभर वर्गात मुलींचे चेहरे पाहिलेल्या शिक्षिकेला दर महिन्याला हे वाक्य ऐकवणं म्हणजे तिच्या चांगुलपणाला वेठीला धरणं आहे.

मार्चमधल्या फोनांचं कारण आयकर. "३१ तारखेच्या आत दिलंत तर ८०जीची सवलत मिळेल," असं सांगतात. नव्या कररचनेत देणगीवरची ही आयकर सवलत मिळत नाही, आणि आता आपण वेगळं कळवलं नाही तर नवीच रचना लागू होते. तुमचं पेन्शन त्यात बसत असेल तर मार्चची घाई तुमच्यासाठी नाहीच. जुन्या रचनेत असाल तरी रोखीनं दोन हजारांपेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर सवलत नाही, हे लक्षात असू द्या.

आता दोन कामं करा. पहिलं, फोनमधल्या यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" नावाचा भाग असतो, तो लेकीकडून उघडून बघा. मॉलच्या दारात घाईघाईनं भरलेल्या फॉर्मवर कधीकधी दरमहा वजावटीची परवानगी दिली गेलेली असते. यूपीआयवर दिलेली अशी परवानगी तिथूनच रद्द करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे वजा होण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला संदेश यायला हवा. तसे संदेश येत असतील तर वाचल्याशिवाय पुसू नका.

दुसरं, संस्थेच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा. मजकूर साधा ठेवा: "मी अमुक तारखेला एक हजार रुपये दिले होते. माझा नंबर तुमच्या फोनच्या यादीतून काढा. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, माझ्या पैशातून काय झालं ते लेखी कळवा. द्यायचं असेल तर मी स्वतः देईन." अशा पत्राला संस्था काय उत्तर देते, यावरून ती तुमच्या हजार रुपयांना पात्र आहे की नाही हे कळेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली झाला, त्यातही दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं म्हटलं आहे. चांगल्या संस्था कायद्याची वाट न बघता हे पाळतात. तरीही फोन थांबले नाहीत, तर पुढची देणगी वाचनालयाला द्या आणि मनात काही ठेवू नका.

धरबंधाचं म्हणाल, तर वर्षातून इतक्याच वेळा मागावं असा कायदा नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी असते, दरवर्षीची हिशेबतपासणी असते, पण मागण्याची मर्यादा संस्थेनं स्वतःच घालून घ्यायची असते. आम्ही घातलेली अशी होती: आधीच्या पैशाचं काय झालं हे सांगितल्याशिवाय पुन्हा मागायचं नाही. एकदाच दिलेल्या माणसाकडे वर्ष उलटल्याशिवाय जायचं नाही. आणि जो दरमहा देतो त्याच्याकडे वेगळं काही मागायचंच नाही, कारण त्यानं आधीच बारा वेळा होकार दिलेला असतो. तुमच्या त्या संस्थेनं हे केलं असतं, तर आज तुम्ही तिच्या कायमच्या देणगीदार असता असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवतो. ४० मुलं आहेत. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेवढे महिने मुलांना आमच्याशिवाय कुणी नाही, घरी असलीच तर थकलेली आजी. देणगीदार साधारण तीनशे आहेत, बरेचसे शिक्षक, नोकरदार, काही शेतकरी, थोडे पुण्या-मुंबईचे. आमच्या समितीत दोन तट पडले आहेत. तरुण कार्यकर्ते म्हणतात, दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर आवाहन टाकू, क्यूआर कोडसकट, लोक विसरतात. अध्यक्ष गुरुजी म्हणतात, मागायची लाज वाटते, दिवाळीला एक पत्र पुरे. गेल्या वर्षी स्वयंपाकाच्या मावशींचा तीन महिन्यांचा पगार थकला. काय करावं?

उत्तर : आधी गुरुजींशी बोलते. गुरुजी, तुम्ही स्वतःसाठी मागत नाही. मावशींचा पगार थकला, म्हणजे तुम्ही देणगीदारांकडे जे मागितलं नाहीत ते एका गरीब बाईकडून घेतलंत. तिला ते द्यायचं होतं का, हे कुणी विचारलंही नाही. न मागण्याची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि संस्थेत ती नेहमी सगळ्यात खालच्या माणसाला मोजावी लागते.

तरुण कार्यकर्त्यांना सांगायचं ते असं, की लोक विसरत नाहीत, कंटाळतात. दर आठवड्याला क्यूआर कोड आला की माणूस पहिल्या महिन्यात बघतो, दुसऱ्या महिन्यात ग्रुप म्यूट करतो, आणि मग खरोखर अडचण आली तेव्हाचा संदेशही त्याच ढिगात जातो. शिवाय ही मुलं दर आठवड्याला संकटात आहेत असं दाखवावं लागतं. मग फोटोही तसेच निवडले जातात. त्या मुलांच्या वर्गात ते फोटो फिरतात, हे ध्यानात घ्या.

किती वेळा, हा प्रश्न तुमच्या समितीनं बसून सोडवण्यासारखा नाही. तो देणगीदारांना विचारा. आमच्याकडे देणगीदारांचं एक जाड रजिस्टर होतं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. नाव, पत्ता, रक्कम, पावती क्रमांक हे रकाने सगळ्यांकडे असतात. आमच्यात एक जादा होता: "कधी विचारावं". पहिली देणगी आली की आभाराच्या पत्रातच विचारायचो, पुन्हा आठवण करायची असेल तर कधी करू, की करूच नको? उत्तरं इतकी वेगवेगळी यायची! एका शिक्षकानं लिहिलं होतं, "जूनमध्ये नको, मुलांच्या फिया असतात. दिवाळीनंतर." माढ्याच्या एका बागायतदारानं लिहिलं होतं, "उसाचं बिल जमा झाल्यावर, मी स्वतः कळवेन," आणि ते कळवायचे. एक गृहस्थ बायकोच्या आठवणीसाठी पितृपक्षातल्या अविधवा नवमीला मुलींना पुरणपोळी घालायचे. त्यांच्या रकान्यात फक्त "नवमी" एवढंच लिहिलेलं होतं. भाद्रपद लागला की त्यांना एक पोस्टकार्ड जायचं, वर्षातलं एकच. आणि काहींच्या पुढे "विचारू नये" असंही होतं. त्यातले कितीतरी जण न विचारता देत आले.

तुमच्याकडे तीनशे नावं आहेत. तिघा कार्यकर्त्यांनी वाटून घेतली तर महिन्याभरात सगळ्यांशी बोलून होईल. या फोनवर पैसे मागायचे नाहीत, हे मात्र पक्कं. फक्त विचारायचं, की आठवण केलेली चालेल का, कधी, आणि फोनवर की पत्रानं. हे रजिस्टर झालं की निम्मा वाद मिटेल, कारण मग वर्षभर रोज कुणीतरी देणारं असेल आणि तरीही प्रत्येकाच्या दारात तुम्ही एकदाच गेलेले असाल. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्यामागेही हाच हिशेब होता. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. मुलाचं रोज जेवण व्हायचं, आणि कुठल्याच घराला आठवड्यातून दुसऱ्यांदा ताट वाढावं लागत नव्हतं.

ज्यांनी काहीच ठरवून सांगितलं नाही त्यांच्यासाठी वर्षातून एक सार्वत्रिक आवाहन करा. पण गुरुजी म्हणतात तसं दिवाळीला नको. दिवाळीत सगळेच मागतात, आणि तोवर तुमची मुलं दाखल होऊन गेलेली असतात. नवरात्रात पाठवा. तेव्हा उचल, म्हणजे कामगारांना द्यायची आगाऊ रक्कम, वाटून झालेली असते, कोणत्या गावातून किती कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, जाणार याचा अंदाज आलेला असतो, म्हणजे मुलं किती येणार हे तुम्ही आकड्यात सांगू शकता. आकडा असला की पत्र लहान होतं आणि खरं वाटतं.

दुसरी मागणी धान्याची, ती वेगळ्या लोकांकडे करा. माणशी रोज पाव किलो ज्वारी धरली तर ४० मुलांना दिवसाला दहा किलो लागते, म्हणजे एक क्विंटल दहा दिवस पुरतं. रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते आणि तेव्हा भाव सहसा उतरलेला असतो. वर्षाची ज्वारी तेव्हाच भरून ठेवायची असते. शेतकरी देणगीदाराला सांगा, "तुमचं एक पोतं म्हणजे आमच्या मुलांच्या दहा दिवसांच्या भाकरी." (तुमच्याकडे पोतं पन्नास किलोचं भरत असतील तर पाच दिवस म्हणा, हिशेब चुकवू नका.) रोख पैसे द्यायला हात आखडणारा माणूस खळ्यावरून पोतं सहज काढून देतो. पण ज्याच्याकडून ज्वारी घेतली त्याला नवरात्रातलं पत्र पाठवायचं नाही. एका घरी दोन मागण्या जाता कामा नयेत, यासाठीच ते रजिस्टर.

मावशींच्या पगाराचं मात्र उघडपणे मागा. देणगीदारांना खाऊ, दप्तरं, स्वेटर द्यायला आवडतं, पगाराला द्यायला नको वाटतं, अशी समजूत संस्थांनीच करून घेतली आहे. दरमहा देणारे पाच-सहा जण फक्त या एका कामासाठी शोधा. पगार दरमहा द्यावा लागतो, म्हणून त्यासाठीची देणगीही दरमहा हवी, हे कुणालाही पटतं. त्यांच्याशी बोलताना मावशींचं नाव घ्या, त्या पहाटे किती वाजता येतात ते सांगा. त्या पाच-सहा जणांना मग नवरात्राचं पत्र नाही, ज्वारीचं नाही, काही नाही. वर्षअखेरीला गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहाव्यात.

आता आभार. पैसे मिळाल्यापासून आठवड्याच्या आत पावती आणि पत्र गेलं पाहिजे, आणि त्या पत्रात बँकेचा खाते क्रमांक, क्यूआर कोड, "असंच सहकार्य राहू द्या" यातलं काहीही नको. आभाराच्या पत्राला मागणीची शेपटी लावली की ते आभार राहत नाहीत. तरुणांना व्हॉट्सॲप वापरायचंच असेल तर महिन्यातून एकदा बातमी द्यावी. विहिरीला पाणी लागलं, सातवीतल्या तिघींना स्कॉलरशिप मिळाली, एका मुलाला चष्मा लागला आणि आता त्याला फळा दिसतो. तीही क्यूआर कोडविना. लोकांना या बातम्या हव्या असतात. दोन मागण्यांमध्ये अशा चार-सहा गोष्टी कानावर पडल्या असतील, तर तुमचं नवरात्राचं पत्र कुणी न वाचता ठेवणार नाही.

कायम तिथीचं, म्हणजे ठेवीच्या व्याजातून दरवर्षी ठरल्या तिथीला मुलांना जेवण देण्याचं, तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या ताळेबंदात जुन्या ठेवी असणारच, म्हणून सांगते. १९९५ च्या आसपास पाच हजारांच्या ठेवीवर बारा टक्क्यांनी वर्षाला सहाशे रुपये यायचे आणि त्यात मुलांचं एक गोडाचं जेवण व्हायचं. आज साडेसहा टक्के धरले तर सव्वातीनशे येतात. त्यात ४० मुलांचा धड नाश्ताही होत नाही. अशा देणगीदारांकडे "ठेव वाढवा" म्हणून दरवर्षी जाऊ नका. त्यांनी दिलं ते कायमचं म्हणून दिलं होतं. एकदा, एकाच पत्रात, हा हिशेब जसाच्या तसा मांडा, आणि पुढे लिहा की आपल्याला शक्य नसल्यास त्याच महिन्यातल्या दोन-तीन तिथी एकत्र करून एक जेवण करू, फळ्यावर सगळ्यांची नावं लिहू. मग गप्प बसा. काही जण वाढवतील. उरलेल्यांच्या तिथी आनंदानं एकत्र करा.

संकट आलं तर वर्षातल्या त्या एका मागणीचा नियम मोडायला हरकत नाही, पण संकट तुमचं असलं पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा ज्यांच्या वसतिगृहात पाणी शिरलं त्यांनी मागितलं ते योग्यच केलं. पण तुमच्या देणगीदारांपैकी ज्यांची स्वतःची जमीन खरडून गेली, त्यांच्याकडे त्या वर्षी पत्र जायला नको होतं. त्यांना फोन जायला हवा होता, तुम्ही कसे आहात म्हणून. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ ला. सोलापूरकडची घरंच्या घरं तेव्हा कपडे, भांडी, पैसे गोळा करत होती. आमच्या वसतिगृहाच्या बाईंनी त्या वर्षीचं छापून तयार असलेलं दिवाळीचं आवाहन टाकूच दिलं नाही. गठ्ठा कपाटात राहिला आणि संक्रांतीनंतर गेला, वर दोन ओळींची चिठ्ठी जोडून, की आपण सारे किल्लारीच्या कामात होता म्हणून थांबलो होतो. त्या चिठ्ठीचा उल्लेख करून पुढे कितीतरी वर्षं लोक पैसे पाठवत होते.

तुमच्या तरुणांना एक जुनी गोष्ट सांगा. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड माणशी वर्षाला एक पैसा मागायचा. वर्षातून एकदा, एक पैसा. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्यांनी दारं वाढवली. तुमच्याकडे तीनशे दारं आहेत आणि त्यांवर दर आठवड्याला थाप मारायचा विचार चालू आहे. तीच मेहनत अंबाजोगाईच्या, परळीच्या, छत्रपती संभाजीनगरच्या नव्या दारांवर करा. 'लोकसत्ता' २०११ पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो, वाचक धनादेश पाठवतात. अशा ठिकाणी आपलं काम कळवा. साखर कारखान्यांच्या कर्मचाऱ्यांकडे जा. ज्यांचा ऊस या मुलांचे आईबाप तोडतात, त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायतदारांकडे तर जरूर जा. त्यांच्याकडे मागताना गुरुजींना लाज वाटण्याचं काही कारण नाही.

आणि ज्यांच्याकडून तीन वर्षं काहीच आलं नाही, त्यांना एक पत्र लिहा: आजवर दिलंत त्याबद्दल ऋणी आहोत, यापुढे आवाहन पाठवणार नाही, बातमीपत्र हवं असल्यास कळवा. मग खरोखर थांबा.

प्रश्न : माझे वडील ८४ वर्षांचे, पुण्यात एकटे राहतात. आयुष्यभर सढळ हातानं दिलं. आता घरात रोज पाकिटं येतात: मुलांची चित्रं, कॅलेंडरं, त्यांच्या नावाची चिकटपट्टी. परवा पासबुक पाहिलं तर एकाच संस्थेला दोन महिन्यांत तीन चेक गेले होते. त्यांना आठवतच नव्हतं. थांबवू का? (ठाणे)

उत्तर : देणं थांबवू नका, पाकिटं थांबवा.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात ऑलिव्ह कुक नावाच्या बाई होत्या. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ त्या आयुष्यभर पॉपीची फुलं विकून निधी गोळा करत. २०१५ साली ९२ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या कुटुंबानं स्पष्ट सांगितलं, की मृत्यूला संस्थांची पत्रं कारण नव्हती. पण त्यानिमित्तानं चौकशी झाली तेव्हा आढळलं, की ९९ संस्थांकडे त्यांचं नाव होतं आणि एका वर्षात त्यांच्यासाठी ४६६ पत्रं निघाल्याचा अंदाज होता. भरपूर देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत कसं जातं, ते या आकड्यांत दिसतं. तिथे पुढे निधिसंकलनावर देखरेख ठेवणारी नवी यंत्रणा आली आणि २०१७ पासून तिच्याकडे अर्ज करून, नावं दिलेल्या संस्थांची पत्रं-फोन थांबवण्याची सोय झाली. नातेवाइकांनाही आपल्या माणसासाठी तो अर्ज करता येतो.

आपल्याकडे हे काम तुम्हालाच एकेका संस्थेशी करावं लागेल. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा सगळी पाकिटं टेबलावर मांडा आणि बाबांना विचारा, यातल्या कुठल्या संस्था तुम्हाला खरोखर जवळच्या आहेत? ते सांगतील, तेवढं त्यांना नक्की आठवत असेल. त्या चार-पाच संस्थांची नावं, रक्कम आणि महिना एका कागदावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या आणि तो चेकबुकात ठेवा. चेक लिहिला की पुढे खूण करायची. बाकीच्यांना बाबांच्या सहीनं दोन ओळींचं पत्र जाऊ दे. जाहिरातीचे फोन येत असतील तर त्यांच्या मोबाईलवरून १९०९ वर "डू नॉट डिस्टर्ब"ची नोंदणी करा.

ज्या संस्थेला तीन चेक गेले तिच्या कार्यालयात मात्र फोन करा. चढ्या आवाजात बोलू नका. वडील ८४ वर्षांचे आहेत, विसरतात, एक चेक त्यांनी मनापासून दिला आहे, बाकी दोन परत मिळतील का, असं विचारा. पावत्या फाडल्या गेल्या असतील तर परत द्यायला त्यांना ठराव लागेल, वेळ लागेल, तो द्या. आमच्याकडे असे दुबार चेक आले, की वटवण्याआधी आम्ही घरी फोन करायचो. तुमच्या त्या संस्थेनं दुसऱ्या चेकच्या वेळी तो का केला नाही, हेही त्याच फोनवर विचारा.